वीजबिलाची गरम बाजू

बिल जास्त आलं की घरात पहिली ओरड दिव्यांवरून होते. "रिकाम्या खोलीत लाइट कुणी चालू ठेवला?" मग भराभर बटणं बंद होतात, मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून उपटला जातो. त्याच वेळी बाथरूममधला गिझर तासाभरापासून चालू असतो, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आमच्याकडेही कित्येक वर्षं हेच चालायचं. पुढे सॉकेटला लावायचा छोटा वीजमापक आणला आणि एकेक उपकरण तपासत गेलो, तेव्हा लक्षात आलं की आपण ओरडत होतो ते भलत्याच उपकरणांवर.

आधी दोन शब्दांचा गोंधळ मिटवू. वॉट म्हणजे उपकरण कोणत्या वेगानं वीज खातं तो आकडा, आणि युनिट म्हणजे त्यानं एकूण किती खाल्ली ते. नळाची धार आणि भरलेली बादली यांत जो फरक, तोच इथे. १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट पडतं. २००० वॉटचा गिझर पाव तास चालला तर अर्धं युनिट. उलट १० वॉटचा वायफाय राउटर अगदी गरीब वाटतो, पण तो वर्षाचे ८,७६० तास चालू असतो, त्यामुळे वर्षाला ८७ युनिटं गुपचूप घेऊन जातो. आणि तो उपटलेला चार्जर? आजकालचा चांगला चार्जर फोन न लावता नुसता सॉकेटमध्ये असेल, तर वर्षभरात एक युनिटसुद्धा घेत नाही. लावून ठेवा खुशाल.

आता एका युनिटमध्ये ताकद किती असते ते पाहा. एक टन वजनाची मोटार उचलून सरळ ३६० मीटर उंच, म्हणजे साधारण शंभर मजली इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवायला एक युनिट पुरतं (यंत्रातली घट सोडून देऊ). तेच एक युनिट पाण्यात घातलं तर ४० लिटर पाणी जेमतेम २१ अंशांनी तापतं. एका आंघोळीचं पाणी! घरातल्या ऊर्जेचं सगळं गणित या दोन वाक्यांत आहे. हलवणं, फिरवणं, बोलणं, दाखवणं ही कामं स्वस्त आहेत. तापवणं महाग आहे. गार करणंही त्याच पंगतीतलं, कारण गार करणं म्हणजे उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकणं.

जुना पिवळा बल्ब महाग पडायचा तोही याच कारणानं. तो दिवा कमी आणि हीटर जास्त होता. ६० वॉटच्या बल्बमधल्या विजेचा वीसावा हिस्सा कसाबसा प्रकाश व्हायचा, बाकीची काच तापवण्यात जायची. तेवढाच उजेड एलईडी ९ वॉटमध्ये देतो. रोज पाच तासांच्या हिशेबानं वर्षाला ११० युनिटांच्या जागी १६. घरात अजून एखादा जुना बल्ब शिल्लक असेल तर तो आजच बदला, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

उष्णता जाते कुठून

घर गरम ठेवायचं असो की गार, निसर्ग आपल्या विरुद्ध बाजूला उभा असतो. आतलं आणि बाहेरचं तापमान त्याला सारखं करायचं असतं. जितका फरक मोठा, तितकी गळती जोरात. हे प्रमाण इतकं सरळ आहे की तोंडी हिशेब करता येतो. बाहेर ५ अंश, आत २१, म्हणजे फरक १६. आत २१ ऐवजी २० ठेवले तर फरक १५. गळती सोळातला एक भाग कमी झाली, म्हणजे सहा टक्के. एक अंश खाली आणल्यानं अंगाला फारसं कळत नाही, बिलाला कळतं.

खिडक्या ही घराची सगळ्यात कमकुवत बाजू. एकपदरी काचेचा गळतीचा आकडा दर चौरस मीटरला, दर अंशामागे साधारण पावणेसहा वॉट असतो. दोन चौरस मीटरची खिडकी आणि आत-बाहेर २० अंशांचा फरक धरला, तर सव्वादोनशे वॉट सतत बाहेर जातात. दोन काचांमध्ये हवा कोंडलेली दुपदरी खिडकी हे निम्म्यावर आणते. हे काम काच करत नाही, अडकून पडलेली हवा करते. लोकरीचं, पिसांचं, भिंतीत भरायच्या तंतूंचं, सगळ्यांचं गुपित तेच: हवा धरून ठेवणं आणि तिला हलू न देणं. दुपदरी खिडकी परवडत नसेल तर जाड पडदा लावा, तो खालपर्यंत पोचेल आणि कडेला भिंतीला चिकटेल असा. मात्र खिडकीखाली रेडिएटर, म्हणजे आत गरम पाणी फिरवून खोली तापवणारा पत्रा, असेल तर पडदा त्याच्या मागे सोडा. पुढे सोडलात तर सगळी ऊब काचेच्या बाजूलाच कोंडते.

फटींचा शोध मात्र स्वतः घ्यावा. वारा असलेल्या दिवशी दारं-खिडक्या बंद करा, पंखे थांबवा, एक उदबत्ती पेटवा आणि चौकटीच्या कडेकडेनं सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. एका जागी तो अचानक आडवा होतो, थरथरतो, आत लोटला जातो. तिथे बोट लावलंत तर गार झुळूक लागते. आमच्याकडे ही जागा खिडकीत नव्हतीच, दाराच्या उंबऱ्याशी होती, दोन बोटं मावतील एवढी. तिथे रबरी पट्टी चिकटवायला दहा मिनिटं लागली. एक इशारा इथेच देतो: ज्या खोलीत गॅस, कोळसा किंवा लाकूड जळतं ती खोली हवाबंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतला माणूस त्यानं उठत नाही.

उष्ण हवेच्या जागी हाच खेळ उलटा. ऊन काचेतून आत आलं की त्याची उष्णता होते आणि ती आतच राहते. म्हणून आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची सावली कितीतरी कामाची: छज्जा, बाहेरून लावलेली चटई, झाड. मोठ्या खिडकीवर थेट ऊन आलं की आत एक किलोवॉटच्या आसपास उष्णता शिरू शकते, म्हणजे खोलीत एक हीटर लावून मग एसी चालवल्यासारखं.

दोन समज इतके चिवट आहेत की त्यांच्यावर चार ओळी खर्च करतो. पहिला: थर्मोस्टॅट, म्हणजे हवं ते तापमान ठरवणारं बटण, ३० वर नेला की खोली लवकर तापते. साधा हीटर एकाच जोरानं तापवतो. आकडा वाढवल्यानं तो फक्त थांबायचा विसरतो. (एसी १६ वर लावणारे यात आलेच.) दुसरा समज: बंद करून परत तापवायला जास्त जातं, त्यापेक्षा चालूच ठेवलेलं बरं. नाही. घर थंड होत गेलं की गळतीही कमी होत जाते, आणि परत तापवायला लागते ती फक्त मधल्या काळात निघून गेलेली उष्णता. अपवाद एकच, हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता उपसून घरात आणणारं यंत्र (त्याच्याबद्दल पुढे). त्याला संथ, सारख्या चालीनं चालणं मानवतं, म्हणून त्याचा आकडा रात्री फार खाली आणू नये.

हीटर सगळे सारखेच

हे वाक्य दुकानात कुणी सांगणार नाही. कॉइलचा स्वस्त हीटर, पंख्याचा हीटर, तेल भरलेला महागडा रेडिएटर, भिंतीवरचं गुळगुळीत पॅनेल, ही सगळी मंडळी एका युनिटमागे बरोबर एक युनिट उष्णता देतात. कमी नाही, जास्त नाही. "कमी विजेत जास्त ऊब" असं खोक्यावर लिहिलेलं असेल तर ते खोकं परत ठेवा. फरक असतो तो सोयीचा. तेलाचा हीटर हळू तापतो आणि हळू निवतो, पंख्याचा चटकन हवा गरम करतो, लाल दांडीचा हवेला बगल देऊन थेट अंगावर उष्णता फेकतो. मोठ्या, वाऱ्याच्या खोलीत एकटं माणूस बसलं असेल तर शेवटचा खरोखर परवडतो, कारण आपण खोली तापवत नाही, माणूस तापवतो. हाच विचार पुढे नेला तर १५०० वॉटच्या हीटरऐवजी १०० वॉटची विजेची चादर पुरते.

मग एका युनिटमध्ये एकापेक्षा जास्त ऊब मिळतच नाही का? मिळते, पण उष्णता तयार करण्याचा नाद सोडला तर. इथे फ्रिज मदतीला येतो. फ्रिजच्या मागे किंवा कडेला हात लावून पाहा, गरम लागतं. आतली उष्णता उपसून तो बाहेर टाकत असतो. आता अशी कल्पना करा की फ्रिजचं दार घराबाहेर उघडं आहे आणि पाठ घराच्या आत आहे. बिचारा अख्खा बाहेरचा हिवाळा गार करायला निघालाय, आणि त्यातून उपसलेली उष्णता आपल्या खोलीत टाकतोय. हा झाला हीट पंप.

आत एक द्रव फिरतो, जो अगदी कमी तापमानालाही उकळतो. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते. कंप्रेसर ती वाफ दाबतो आणि दाबली की ती तापते, सायकलचा पंप मारताना नळी तापते तशी. ही तापलेली वाफ घरात येऊन उष्णता सोडते, पुन्हा द्रव होते, एका अरुंद झडपेतून सुटून गार पडते आणि परत बाहेर जाते. वीज खर्च होते ती फक्त दाबण्याला. म्हणून एक युनिट वीज घालून तीन-चार युनिटं उष्णता घरात येते. बाहेर शून्य अंश असलं तरी हवेत उष्णता असतेच, खरा तळ उणे २७३ अंशांवर आहे.

यात नवं काही नाही. ही कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ साली मांडली होती, आणि ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी त्याच दशकात मिठागरासाठी असं यंत्र उभंही केलं होतं. आपण ते इतकी वर्षं फक्त गार करायला वापरलं एवढंच. गंमत म्हणजे अनेक घरांत हीट पंप आधीच भिंतीवर टांगलेला असतो. एसीच्या रिमोटवर सूर्याचं चिन्ह असेल तर तो एसी उलटाही चालतो. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे वर हा एसी आणि खाली जमिनीवर कॉइलचा हीटर लाल होऊन बसलेला.

हीट पंपाची एक नस ओळखून ठेवावी. चढ जितका मोठा, तितका त्याला दम लागतो. बाहेरून उष्णता उचलून ३५ अंशांच्या पाण्यात टाकणं सोपं, ६० अंशांच्या पाण्यात टाकणं कठीण. म्हणून फरशीखालून गरम पाणी फिरवणाऱ्या नळ्या किंवा मोठे रेडिएटर असलेल्या, गळती बंद केलेल्या घरात तो उत्तम चालतो, आणि फटींनी भरलेल्या घरात बदनाम होतो. गॅस सोडून त्याच्याकडे वळायचं तर एक साधी भागाकाराची खूण आहे: विजेचं एक युनिट तेवढीच ऊर्जा देणाऱ्या गॅसच्या किती पट महाग आहे? हीट पंप साडेतीन पट उष्णता देत असेल आणि वीज चौपट महाग असेल, तर बिल उतरणार नाही. दुप्पट महाग असेल तर चांगलंच उतरेल.

रेडिएटरचं पाणी तापवायला गॅसचा बॉयलरच ठेवायचा असेल तर त्याच्या पाण्याचं तापमान तपासा. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णताही काढून घेतो, पण त्यासाठी रेडिएटरमधून फिरून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. बसवणारा माणूस आकडा ७५-८० वर ठेवून निघून जातो, आणि बॉयलरचा जो गुण म्हणून आपण जास्त पैसे मोजले तो कधी कामालाच येत नाही.

पाणी

शॉवरमधून मिनिटाला दहा लिटर पाणी पडत असेल आणि ते २० अंशांनी तापवलेलं असेल, तर दहा मिनिटांच्या आंघोळीत २.३ युनिटं जातात. मिनिटाला सहा लिटरची झारी लावली तर १.४. माणशी रोज जवळपास एक युनिट वाचतं, तेही फक्त झारी बदलून. घरातल्या सगळ्या उपायांत कमी खर्चाचा आणि मोठ्या फळाचा उपाय मला हाच वाटतो.

गिझरच्या टाकीला बाहेरून हात लावा. कोमट लागली तर पैसे भिंतीला ऊब देण्यात जात आहेत. गरजेआधी चालू आणि नंतर बंद, किंवा वर एक आच्छादन. साठवणीच्या टाकीचं तापमान मात्र फार उतरवू नका. २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू मजेत वाढतात, ६० अंशांना ते टिकत नाहीत. आणि एक गैरसमज: कॉइलवर क्षार साचले की वीज जास्त लागते म्हणतात. पाण्यात बुडलेल्या विजेच्या कॉइलची उष्णता जाऊन जाऊन पाण्यातच जाते, त्यामुळे बिल फारसं बदलत नाही. कॉइल मात्र स्वतःच्याच उष्णतेनं होरपळून लवकर जळते. साफ करा, पण कारण ते आहे. गॅसच्या गिझरमध्ये मात्र क्षारांनी खरंच नुकसान होतं, तिथे न शोषलेली उष्णता धुरावाटे निघून जाते.

कपड्यांच्या मशीनमध्येही तेच. ड्रम फिरवायला थोडी वीज, पाणी तापवायला पुष्कळ. रोजच्या कपड्यांना ६० अंशांची गरज नसते, ३० पुरतात. ड्रायर असेल तर आधी जोरात पिळून घ्या. एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६५ युनिटच्या आसपास लागतं, तेच पाणी गरगर फिरवून बाहेर फेकायला अगदी किरकोळ. चुलीचं म्हणाल तर झाकण ठेवा आणि उकळी फुटली की आच कमी करा. उघड्या भांड्यातलं पाणी खाली कितीही जाळ घातलात तरी १०० अंशांच्या वर जात नाही, फक्त आटतं.

फ्रिज आणि लेबल

फ्रिज चोवीस तास चालू, म्हणून त्याची थोडी विचारपूस. कागदाची एक पट्टी घ्या, दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. पट्टी अडखळत, कुरकुरत यायला हवी. सहज सरकली तर तिथलं रबर सैल झालंय. चारही बाजूंना करून बघा. आमचं रबर खालच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या बाजूला, कडक होऊन वर उचललं गेलं होतं. बाहेरून डोळ्यांना काही दिसत नव्हतं. आत डब्यांमागे मात्र बर्फाची पातळ साय धरायची आणि कंप्रेसर थांबायचं नाव घेत नव्हता. रबर बदलल्यावर त्याचा आवाज बंद असण्याचा काळ लांबला, तो इतका की पहिल्या दिवशी फ्रिज बिघडला की काय असं वाटलं. आत ४ अंश आणि फ्रीझरला उणे १८ पुरतात. मागे वारा खेळायला जागा ठेवा आणि जाळीवरची धूळ झाडा.

अमेरिकेत १९७० च्या दशकातला नवा फ्रिज वर्षाला सरासरी १८०० युनिटांच्या घरात खायचा. मग कॅलिफोर्नियानं आणि पुढे केंद्र सरकारनं कमाल वापराचे नियम आणले, आणि आजचा त्याहून मोठा फ्रिज सुमारे पाचशेत भागतो. म्हणजे खूप जुनं धूड अजून चालतंय म्हणून कौतुकानं सांभाळण्यात अर्थ नसतो. पण नवा आणल्यावर जुना मागच्या खोलीत जास्तीचा म्हणून लावून ठेवला, तर बचत तिथेच संपली. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच हे ओळखलं होतं: वाफेची इंजिनं काटकसरी झाली आणि कोळसा जास्तच खपायला लागला.

खरेदी करताना लेबलवरचे तारे किंवा अक्षरं यांच्यावर थांबू नका. ती त्याच आकाराच्या इतरांशी तुलना असते. मोठा पाचतारांकित फ्रिज लहान तीनतारांकितापेक्षा जास्त खाऊ शकतो. खाली बारीक अक्षरात वर्षाच्या युनिटांचा आकडा असतो, तो वाचा. एक ४०० चा, दुसरा २५० चा, तर वर्षाला १५० आणि दहा वर्षांत १५०० युनिटांचा फरक. त्याला आपल्या दरानं गुणा आणि किमतीतला फरक शेजारी मांडा. जिथे जास्त वापराला चढा दर लागतो, तिथे गुणायचा तो सगळ्यात वरचा दर, कारण वाचतात ती युनिटं वरच्या टप्प्यातली.

एसीबद्दल थोडक्यात: पंखा खोली गार करत नाही, अंग गार करतो, म्हणून पंखा लावून एसी दोन-तीन अंश वर ठेवता येतो, आणि खोलीत कुणी नसेल तर पंखा फिरवण्यात अर्थ नाही. एसीचा 'टन' हा वजनाचा नाही. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढं काम, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. खोलीला लागतो त्यापेक्षा मोठा घेतला तर तो वारंवार बंद-चालू होतो आणि दमटपणा नीट काढत नाही.

शेवटी एक रात्र स्वतःच्या मीटरसाठी द्या. झोपताना मीटरचा आकडा लिहून ठेवा, उठल्यावर पुन्हा बघा, फरकाला तासांनी भागा आणि हजारानं गुणा, म्हणजे वॉट मिळतील. रात्री एसी किंवा हीटर चालला नसेल, तर फ्रिज धरूनही हे उत्तर १०० वॉटच्या फार वर नसावं, कारण १०० वॉट सतत म्हणजे वर्षाला ८७६ युनिटं. आमचं उत्तर बरंच वर आलं. राउटर बंद करून पाहिला, टीव्हीचा प्लग काढला, आकडा फारसा हलेना. दोन दिवसांनी बाथरूमच्या दारामागे टॉवेल वाळवायच्या दांडीला चुकून हात लागला. ती गरम होती. तिला बटण आहे हेच घरात कुणाला आठवत नव्हतं. ६० वॉट, वर्षाला ५२५ युनिटं.